काळी सेडान आणि पहिलं पॉलिशर: यंत्र निवडण्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

चिंचवडच्या एका सोसायटीत राहणारे हे गृहस्थ वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटी विभागात आहेत. इथे त्यांना नुसतं ‘मालक’ म्हणू. गाडी काळी सेडान, सात वर्षं जुनी. त्यांच्याकडे आली ती सेकंड हँड, तीन वर्षांपूर्वी. सोसायटीत रोज सकाळी गाड्या पुसणारे मामा येतात. एक बादली, एक फडकं आणि ओळीने दहा-पंधरा गाड्या. बादलीतलं पाणी बोअरचं. समोरच्या रस्त्याचं काम चालू असल्याने रात्रभरात टपावर धुळीचा जाडसर थर बसायचा आणि मामा तो इमानेइतबारे रगडून काढायचे.

काळ्या रंगावर अशा पुसण्याचा परिणाम लपत नाही. पार्किंगच्या ट्यूबलाइटखाली बोनेटवर गोल गोल बारीक ओरखड्यांचं जाळं दिसायचं, उन्हात तर गाडी करडीच वाटायची. बोअरच्या पाण्याचे पांढरे ठिपके आणि ड्रायव्हरच्या दाराच्या हँडलमागे नखांचे ओरखडेही होतेच. ड्रायव्हरच्या त्याच दारावर कोणीतरी किल्लीने ओढलेली एक लांब रेघही होती.

मालकांनी दोन ठिकाणी विचारलं. ओळखीच्या गॅरेजवाल्याने सांगितलं, “दोन हजार नंबरचा पेपर मारतो आणि रबिंग करून देतो, संध्याकाळी गाडी घेऊन जा.” एका डिटेलिंग स्टुडिओने सिरॅमिक कोटिंगसह, म्हणजे रंगावरच्या कडक संरक्षक थरासह, बावीस हजार सांगितले. सँडपेपरचं ऐकून मालकांना धास्ती वाटली, बावीस हजारांचं ऐकून राग आला. रोज मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, मोजमापं करणारा माणूस. स्वतःच करून बघू, असं त्यांनी ठरवलं. प्रश्न उरला पॉलिश करायच्या यंत्राचा, म्हणजे पॉलिशरचा.

अडचण नेमकी काय होती

वरवर पाहता प्रश्न ‘कोणतं पॉलिशर घेऊ’ एवढाच होता. खरी अडचण रंगाच्या जाडीत होती.

कारखान्यातून आलेल्या गाडीच्या पत्र्यावर प्रायमर, रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. सगळे थर मिळून साधारण १०० ते १३० मायक्रॉन, त्यात क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉनचा. आपल्या डोक्याचा केस यापेक्षा जाड निघू शकतो. ओरखड्यांचं जाळं याच क्लिअरमध्ये असतं. पॉलिश करणं म्हणजे ओरखडे ‘भरणं’ नव्हे. आजूबाजूचा क्लिअर एक-दोन मायक्रॉनने घासून ओरखड्याच्या तळापर्यंत नेणं. उन्हापासून रंगाला वाचवणारे घटकही याच थरात असतात. तो पार घासला गेला की उपाय एकच, पुन्हा पेंट.

कंपनीतलं जाडी मोजायचं गेज मालकांनी परवानगी घेऊन एका शनिवारी घरी आणलं. टप १०५ ते ११५, डिकी ११० च्या आसपास, बोनेट ११० ते १२५. उजवीकडचं मागचं दार मात्र २४० ते २८०. म्हणजे पहिल्या मालकाच्या काळात ते दार ठोकून रंगवलेलं होतं आणि विकताना ही गोष्ट कोणी बोललं नव्हतं. बंपर प्लास्टिकचे असल्याने त्यांच्यावर ते गेज चाललंच नाही.

इथे एक बारीक मुद्दा आहे आणि तो मालकांच्या पटकन लक्षात आला. हे गेज पत्र्यापासून वरपर्यंतची एकूण जाडी सांगतं, क्लिअरची वेगळी नाही. २६० चा आकडा बघून ‘इथे भरपूर माल आहे’ असं समजणं धोक्याचं. त्यातला बराचसा भाग खालचा जुना रंग, प्रायमर किंवा पुट्टी असू शकतो. बोनेटच्या मधल्या धारेवर ८५ चा आकडा आला, पण इतक्या वाकड्या जागी गेजचा भरवसा धरता येत नाही. त्यांनी तो आकडा खरा न मानता धोक्याची खूण मानला आणि ती धार टेपखाली ठेवायचं ठरवलं.

थोडक्यात, यंत्र चालवणारा हात नवा, गाडी काळी, थर पातळ आणि एका दाराचा इतिहास माहीत नाही. हे सगळं धरून यंत्र निवडायचं होतं.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय घरातूनच आला. मेहुण्याचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. तो म्हणाला, “दाजी, ग्राइंडर आहे की आपल्याकडे. फोमचा पॅड लावला की झालं पॉलिशर. कशाला पैसे घालवता?”

चार इंची ग्राइंडर मिनिटाला अकरा हजारांच्या आसपास फेरे घेतो. रंगाला पॉलिश करणारं रोटरी यंत्र सहाशे ते तीन हजारांत चालतं आणि जाणकार माणूस बहुतेक काम त्याच्या खालच्या निम्म्या भागातच करतो. अकरा हजारांवर फोमचा पॅड आधी फाटेल की रंग आधी जळेल, एवढाच प्रश्न उरतो. ड्रिलला लावायचा पॅडही याच जातीचा. वेग कमी असला तरी तोल सांभाळायला धड पकड नसते आणि पॅड एका कडेवर टेकतो. दोन्ही पर्याय तिथेच बाद झाले. मेहुणा थोडा नाराज झाला.

दुसरा पर्याय खरं रोटरी पॉलिशर. गॅरेजमध्ये ‘बफिंग मशीन’ म्हणतात ते हेच. स्थानिक ब्रँडचं तीन-चार हजारांत मिळतं, झपाट्याने काम करतं आणि खोल ओरखडे काढण्यात आजही याचा हात धरणारं दुसरं फारसं नाही. अनुभवी पेंटर यावरच आरशासारखी चकाकी आणतात. पण यात पॅड एकाच आसाभोवती, एकाच दिशेने, थेट मोटरच्या जोरावर फिरतो. हात एका जागी दोन क्षण जास्त रेंगाळला, किंवा पॅड तिरका होऊन कडेवर टेकला, तरी मोटर थांबत नाही. उष्णता वाढत जाते. नवख्या हातून हमखास होणारी दुसरी गोष्ट म्हणजे होलोग्राम. जाळं जातं आणि त्याच्या जागी उन्हात हलणारे लांबट चमकते पट्टे येतात. काळ्या गाडीवर ते जाळ्यापेक्षाही वाईट दिसतात.

तिसरा पर्याय ड्युअल ॲक्शन, बोलीत ‘डीए’. यात पॅड मोटरच्या मधोमध नसतो, थोडा बाजूला बसवलेला असतो. मोटर त्याला लहान वर्तुळात घुमवते आणि त्या घुमण्यामुळे पॅड स्वतःभोवती मोकळा फिरतो. भोवरा जसा स्वतःभोवती गरगरतो आणि त्याच वेळी जमिनीवर गोल फिरत राहतो, तशी ही दुहेरी चाल. वाट सतत बदलत असल्याने एकाच रेषेत घासणं होत नाही, उष्णता पसरते आणि होलोग्राम सहसा पडत नाहीत. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जोर जास्त पडला किंवा पॅड कडेवर तिरका झाला, तर पॅडचं स्वतःभोवतीचं फिरणं थांबतं. यंत्र थरथरत राहतं, पण कापणं जवळजवळ बंद होतं.

मला विचाराल तर अख्खं प्रकरण इथेच ठरतं. नवख्याने यंत्र निवडताना ‘किती लवकर काम होतं’ हे न पाहता ‘माझा हात चुकला तर यंत्र काय करतं’ हे पाहावं. रोटरी चुकीला साथ देतं, डीए चुकीच्या वेळी काम टाकून देतं.

चौथा पर्याय डीएचाच एक प्रकार आहे, सक्तीच्या फिरण्याचा. जर्मनीच्या फ्लेक्स कंपनीचं ३४०१ हे त्यातलं नावाजलेलं यंत्र. यात दुहेरी चाल असते, पण पॅड गिअरने जोडलेला असल्याने थांबत नाही. काम रोटरीच्या जवळ जाणारं, सुरक्षितता डीएच्या जवळ जाणारी. मालकांना हा मधला मार्ग आवडला होता. पण यंत्र हाताला ओढ देतं, किंमतही त्यांच्या आवाक्याबाहेरची होती.

दहा इंची, दोन मुठींची, वर कापडी टोपी चढवायची स्वस्त गोल यंत्रंही दुकानात दिसतात. ती वॅक्स पसरवायला ठीक. जाळं काढायचा जोर त्यांच्यात नाही. आणि हाताने? एखाद्या हँडलमागच्या खोबणीसाठी उत्तम, अख्ख्या बोनेटसाठी नुसती खांदेदुखी.

निर्णय: पंधरा की एकवीस

डीए घ्यायचं ठरलं तरी कोडं संपलं नव्हतं. पॅड किती मोठ्या वर्तुळात घुमतो, त्याला थ्रो म्हणतात. जुन्या धाटणीची यंत्रं, उदाहरणार्थ अमेरिकेत वर्षानुवर्षं नवख्यांना सुचवलं गेलेलं पोर्टर-केबल ७४२४, आठ मिलिमीटरची. इटलीच्या रूपेस कंपनीची बिगफूट यंत्रं तर १५ आणि २१ या थ्रोच्या आकड्यांनीच ओळखली जातात. आता स्थानिक आणि चिनी बनावटीची पंधरा-एकवीसची यंत्रंही सहज मिळतात.

दुकानदार एकवीसवर अडून बसला होता: “साहेब, मोठ्या थ्रोचं घ्या, निम्म्या वेळात काम.” सपाट पत्र्यावर त्याचं म्हणणं खरं आहे. मोठी एसयूव्ही असती, रुंद टप आणि सरळ दारं असती, तर मीही एकवीस सुचवलं असतं. पण थ्रो जितका मोठा तितका पॅड वळणावर लवकर थांबतो. या सेडानच्या दारांवर एक खोलगट रेघ पार मागच्या दिव्यापर्यंत जाते, मडगार्ड फुगीर आहेत, डिकीला ओठासारखी कड आहे. अशा गाडीवर एकवीसचं यंत्र निम्मा वेळ नुसतं थरथरत राहिलं असतं. मालकांनी पंधरा घेतलं.

प्लेटचा निर्णय त्याहून महत्त्वाचा ठरला. यंत्रासोबत सहा इंची बॅकिंग प्लेट (पॅड जिच्यावर चिकटतो ती चकती) आली होती, म्हणजे वर साडेसहा-सात इंची पॅड. पॅड मोठा तर वजन आणि घर्षण जास्त, म्हणून थांबायचं प्रमाणही जास्त. त्याच कंपनीची पाच इंची प्लेट वेगळी मिळत होती. ‘त्याच कंपनीची’ यासाठी, की डीएच्या आत थरथर मारायला एक प्रतिवजन असतं आणि ते ठरावीक वजनाच्या प्लेटशी जुळवलेलं असतं. कुठलीही प्लेट बसवली की हाताला मुंग्या येईपर्यंत यंत्र हलू शकतं. पाच इंची प्लेट आणि साडेपाच इंची पॅड ही जोडी मग शेवटपर्यंत टिकली.

यंत्र नऊ हजारांच्या आसपास पडलं. पॅड, मध्यम आणि बारीक अशी दोन पॉलिशं, रंगात रुतलेले कण ओढून काढणारी क्ले, टेप, मायक्रोफायबरची फडकी आणि एक चांगला एलईडी टॉर्च यांचे आणखी साडेपाच हजार झाले. या दुसऱ्या आकड्याचा हिशोब यंत्र घेताना कोणीच धरत नाही.

प्रत्यक्ष काम

सोसायटीच्या सेक्रेटरींची परवानगी काढून तळघरातल्या पार्किंगमध्ये कॉमन मीटरवरून वीज घेतली. उन्हात हे काम करू नये; तापलेल्या पत्र्यावर पॉलिश वाळून चिकटतं.

दोन बादल्यांनी धुऊन, बोअरचं पाणी वाळायच्या आत टिपून घेऊन, क्ले फिरवली. हाताला प्लास्टिकची पातळ पिशवी चढवून पत्र्यावरून बोटं फिरवली की रंगात रुतलेले कण खरखरीत लागतात. ते लागेनासे होईपर्यंत क्ले. मग कडा, काळं प्लास्टिक आणि बोनेटची ती संशयास्पद धार यांवर टेप.

चाचणीसाठी डिकीवर दोन बाय दोन फुटांचा चौकोन घेतला. आधी सगळ्यात सौम्य जोडी: मऊ पॅड आणि बारीक पॉलिश. चमक वाढली, जाळं राहिलं. मग मध्यम फोम आणि मध्यम पॉलिश. आडव्या-उभ्या मिळून चार फेऱ्या, हात सेकंदाला एखादा इंच सरकेल इतका सावकाश. पुसून, वर पाण्यात मिसळलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल मारलं, कारण पॉलिशमधलं तेल ओरखडे तात्पुरते झाकतं आणि माणसाला फसवतं. टॉर्चखाली पाहिलं तर जाळं गेलं होतं. याहून कडक काही लागणार नाही हे तिथे पक्कं झालं आणि दोन हजारचा पेपर हा विषय कायमचा मिटला.

पहिल्या रविवारी तीन गोष्टी घडल्या. मालकांनी पॅड पत्र्याला टेकवायच्या आधीच बटण दाबलं आणि पॉलिशचे शिंतोडे भिंतीवर, टॉर्चवर आणि शेजाऱ्यांच्या स्कूटरवर उडाले. दुसरं, जोर देऊन काम लवकर होईल अशा समजुतीने ते यंत्रावर रेलत होते. अर्धं बोनेट झालं तरी फरक दिसेना. प्लेटच्या कडेवर काळ्या मार्करने एक उभी रेघ मारल्यावर उलगडा झाला. रेघ एका जागी थरथरत होती, म्हणजे पॅड फिरतच नव्हता. फक्त यंत्राचं वजन आणि वर हाताचा हलका भार ठेवला, तशी रेघ फिरायला लागली आणि जाळंही जायला लागलं. रोटरीवर हाच जोर पडला असता तर काय झालं असतं, ते वेगळं सांगायला नको.

तिसरी गोष्ट, पॅड कमी पडले. मध्यम पॅड दोनच घेतले होते. पंधरासारख्या मोठ्या थ्रोच्या यंत्रात पॅडच्या मधोमध उष्णता साठते. टप संपेपर्यंत एका पॅडचं वेल्क्रो सुटलं. दुसरा पॉलिशने चिंब होऊन नुसता घसरत होता. काम थांबवून आणखी पॅड मागवावे लागले आणि आठवडा गेला. दर चौकोनानंतर पॅड ब्रशने झाडायची सवयही तेव्हापासून लागली.

रंगवलेल्या मागच्या दाराने सगळ्यात जास्त सतावलं. तिथला क्लिअर कारखान्याच्या क्लिअरपेक्षा मऊ निघाला. मध्यम जोडीने जाळं गेलं, पण धुरकट झाक उरली. मालकांनी आधी आणखी दोन फेऱ्या मारायचा विचार केला होता. धुरकटपणा हा कमी कापल्याचा नव्हे, तर त्या पृष्ठभागासाठी पॅड कडक असल्याचा आहे, हे ध्यानात आल्यावर त्यांनी मऊ पॅड, बारीक पॉलिश आणि कमी वेग असा उलटा मार्ग धरला. झाक गेली. क्लिअरची जाडी माहीत नसलेल्या दारावर जास्तीच्या कडक फेऱ्या टळल्या, हे जास्त मोलाचं.

निकाल

तीन रविवार लागले. बोनेट, टप, डिकी आणि चारही दारांवरचं जाळं ट्यूबलाइटखालीही दिसत नाही. किल्लीची रेघ तशीच आहे, तिच्यात नख अडकतं. नख अडकणारी रेघ क्लिअरमध्ये बरीच खोल गेलेली असते, तिच्या मागे लागणं म्हणजे थर संपवणं. मालकांनी ती सोडून दिली. बंपरवर फक्त बारीक पॉलिश फिरवलं. प्लास्टिक उष्णता लवकर सोडत नाही आणि तिथे मोजायची सोयही नव्हती.

कामानंतर त्यांनी पुन्हा गेज लावलं. फरक एक ते तीन मायक्रॉन. गेजची स्वतःची चूक तेवढीच असू शकते, म्हणून त्यांनी प्रत्येक ठिकाणची दहा मापं घेऊन सरासरी काढली. क्वालिटीवाला माणूस, दुसरं काय करणार.

पैशांचं गणित मात्र जितकं सांगितलं जातं तितकं गोड नाही. साडेचौदा हजार खर्च, वर तीन रविवार, आणि सिरॅमिक नाही. शेवटी रंगावर संरक्षक थर देणारं साधं सीलंट लावलं. ज्याला हे आयुष्यात एकदाच करायचं आहे, त्याने चांगल्या स्टुडिओत जावं आणि आधी गेज लावायला सांगावं. इथे पुढेही काम पडणार होतं म्हणून यंत्र परवडलं.

मामांचा प्रश्न मालकांनी हळुवार सोडवला. “मामा, उद्यापासून माझ्या गाडीच्या फक्त काचा पुसा. पैसे तेवढेच.” मामांना आधी वाटलं, कामात काही खोट निघाली. दोन दिवस ते काहीसे गप्प होते. मग कारण कळल्यावर त्यांनीच पुढच्या रांगेतल्या लाल गाडीवाल्यांना सांगितलं, “साहेब, कोरडं पुसू नये, रेघा येतात.” पावसाळ्यानंतर पाहिलं तर हँडलमागे नखांच्या नव्या रेघा आल्या होत्या, बाकी पत्रा जवळजवळ तसाच.

वेगळं काय करता आलं असतं

पुसण्याची पद्धत आधी बदलायला हवी होती. पॉलिशनंतर मामांशी बोलणं झालं, त्याआधीच्या दोन रविवारांच्या मधल्या आठवड्यात टपावर नवे हलके ओरखडे पडले आणि तिथे एक फेरी जास्त मारावी लागली. पातळ थरावर ही फेरी फुकट गेली.

सरावाला स्वतःची गाडी घ्यायची गरज नव्हती. कुदळवाडीकडच्या भंगारवाल्याकडून एखादं काळं जुनं बोनेट आणता आलं असतं. मार्करची रेघ, शिंतोडे, जोर हे सगळं तिथेच शिकून झालं असतं. मेहुण्याच्या वर्कशॉपमध्ये जागाही होती. पण ग्राइंडर नाकारल्यावर त्याला हे विचारायला मालक जरा कचरले.

पैशांची वाटणीही मी वेगळी सुचवली असती. यंत्र एक पायरी स्वस्त चाललं असतं, मध्यम पॅड मात्र पाच हवे होते. काचांमधले पिलर, आरशांच्या पाठी आणि नंबरप्लेटभोवतीचा भाग साडेपाच इंची पॅडला पेलला नाही. तो हाताने करावा लागला आणि नीट पाहिलं तर ते कळतं. तीन इंची छोटं यंत्र अशा जागी कामी येतं, पण पहिल्याच खरेदीत ते घ्यावं असं मला वाटत नाही.

अख्खी गाडी करायलाच हवी होती का, हाही प्रश्न आहे. बघणाऱ्याची नजर पडते ती बोनेटवर आणि डिकीवर. पहिल्या खेपेला तेवढंच करून, दारं पुढच्या वर्षासाठी ठेवली असती तर रंगवलेल्या दाराशी गाठ अनुभव आल्यावर पडली असती.

आता मेहुण्याने यंत्र मागितलं आहे, वर्कशॉपच्या पांढऱ्या टेंपोसाठी. टेंपो जुना, रंगावर क्लिअर नाही, हात फिरवला की पांढरी भुकटी बोटांना लागते. अशा रंगावर पॅड पांढरा होतो, ते घाबरण्यासारखं नाही. पण तेच पॅड पुन्हा काळ्या सेडानवर चालणार नाहीत. मालकांनी होकार दिला आहे. अट दोन गोष्टींची: पॅड त्याने स्वतःचे आणायचे आणि लोखंडी ग्रिलला हे यंत्र लावायचं नाही.